चाकाची साक्ष

मोटारीच्या डॅशबोर्डवरचा पडदा गेल्या दहा-पंधरा वर्षांत हळूहळू मोठा होत गेला. रेडिओची अरुंद पट्टी जाऊन तिथे सात इंचांचा पडदा आला, मग तो दहा इंचांचा झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने एक्सईव्ही ९ई ही विजेवर चालणारी मोटार सादर केली, तेव्हा तिच्या दर्शनी भागात १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीने बसवलेले होते. त्यांतला एक चालकाशेजारी बसणाऱ्या प्रवाशासाठी होता. मे २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइड ऑटोमध्ये व्हिडिओ ॲप आणण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात ॲपलनेही कारप्लेच्या पडद्यावर आयफोनमधील व्हिडिओ दाखवण्याची सोय जाहीर केली. दोन्ही घोषणांना एकच अट जोडलेली होती : गाडी उभी असेल तरच.

ही अट लिहायला एक ओळ पुरते. ती पाळण्याचे काम मात्र पडद्यामागच्या सॉफ्टवेअरवर येते आणि त्यासाठी त्याला एक गोष्ट प्रत्येक क्षणी ठाऊक असावी लागते : गाडी चालते आहे की उभी आहे. खिडकीत बसलेले चार वर्षांचे मूलही या प्रश्नाचे उत्तर देईल. पण सॉफ्टवेअरला खिडकी नसते.

गती ओळखणे वाटते तितके सोपे नाही, हे शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गोलपादात आर्यभटाने नावेचा दाखला दिला आहे. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे फिरणाऱ्या पृथ्वीवरून स्थिर तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात. पुढे सुमारे अकराशे वर्षांनी, १६३२ मध्ये, गॅलिलिओने जहाजातल्या बंद खोलीचा दाखला दिला. जहाज संथपणे, एकाच वेगाने चालले असेल, तर त्या खोलीत पाण्याचे थेंब टपकू द्यावेत, वस्तू एकमेकांकडे फेकाव्यात, भांड्यात मासे पोहू द्यावेत. यांपैकी कशावरूनही जहाज चालते आहे की नांगर टाकून उभे आहे, हे सांगता येत नाही. समान वेगाची गती आतून जाणवत नाही. ती कळण्यासाठी बाहेरच्या कशाशी तरी संबंध जोडावा लागतो.

डॅशबोर्डच्या आत बसलेले मनोरंजनाचे सॉफ्टवेअर गॅलिलिओच्या त्या बंद खोलीतच असते. त्याला साक्षीदार शोधावे लागतात आणि प्रत्येक साक्षीदार कुठे चुकतो याचाही हिशोब ठेवावा लागतो.

सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे त्वरणमापक. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आणि बहुतेक आधुनिक गाड्यांच्या यंत्रणेत तो असतो. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले एक अतिसूक्ष्म वजन केसाहून बारीक पट्ट्यांवर तोललेले असते. गाडीने वेग घेतला, ब्रेक लावला किंवा वळण घेतले की हे वजन किंचित मागेपुढे सरकते आणि त्यामुळे विद्युतधारकतेत झालेला बदल मोजला जातो. हा साक्षीदार चपळ आहे, पण त्याला वेग दिसत नाही. वेगातला बदल तेवढा दिसतो. सरळ, गुळगुळीत महामार्गावर गाडी ताशी ८० किलोमीटरने एकसारखी जात असेल, तर त्याच्या लेखी ती जवळजवळ उभ्या गाडीसारखीच असते. उलट चढावर उभ्या केलेल्या गाडीत गुरुत्वाकर्षणामुळे त्याला त्वरणाचा भास होतो.

त्वरणाची बेरीज करत गेल्यास वेग मिळायला हवा. गणिताच्या दृष्टीने हे खरे आहे, पण व्यवहारात बारीकशी चूकही त्या बेरजेत साचत जाते. समजा, मापकाचे वाचन दर सेकंदाला अवघ्या ०.०१ मीटर प्रति सेकंद इतके चुकते आहे. एका मिनिटानंतर वेगातली चूक ०.६ मीटर प्रति सेकंद होईल. म्हणजे ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. तासाभराने ती ३६ मीटर प्रति सेकंदावर जाईल. वाहनतळात निवांत उभी असलेली गाडी ताशी सुमारे १३० किलोमीटरने धावत आहे, असा त्या सॉफ्टवेअरचा पक्का समज होईल.

माणसाच्या कानातही असाच एक साक्षीदार आहे. आंतरकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे आणि त्यांच्याजवळच्या दोन लहान पिशव्या सरळ रेषेतल्या त्वरणाचे भान देतात. समान वेगाची गती त्यांनाही कळत नाही. म्हणूनच विमान स्थिर उडू लागले की प्रवाशाला आपण घरच्या खुर्चीत बसल्यासारखे वाटते. घाटात पुस्तक वाचणाऱ्याचे डोके गरगरते तेही यामुळेच : कान सांगतात की वळण आले, डोळे सांगतात की अक्षरे जागच्या जागी आहेत आणि मेंदू या दोन विसंगत साक्षींमध्ये सापडतो. २०२४ मध्ये ॲपलने आयफोनमध्ये आणलेली एक सोय या विसंगतीवरच बेतलेली आहे. फोनचे सेन्सर गाडीची हालचाल ओळखतात आणि पडद्याच्या कडांवर बारीक ठिपके त्या हालचालीनुसार सरकू लागतात. कानाला जे जाणवते त्याचा थोडासा पुरावा डोळ्यांनाही मिळतो आणि मळमळ कमी व्हायला मदत होते. गतीला प्रतिसाद देणे म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी बंद करणेच असते असे नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. वेग वाढला की रस्त्याच्या आवाजावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज आपोआप थोडा वाढवणाऱ्या गाड्या तर कित्येक वर्षांपासून रस्त्यावर आहेत.

दुसरा साक्षीदार आकाशातून बोलतो. अमेरिकेचे जीपीएस असो किंवा इस्रोचे नाविक, उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींच्या वारंवारितेत गाडीच्या गतीमुळे जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून वेग काढता येतो. उघड्या आकाशाखाली हा साक्षीदार अत्यंत विश्वासू असतो. मात्र त्याला छत चालत नाही. रोहतांग खिंडीखालून जाणारा अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे. त्यात शिरलेल्या गाडीशी उपग्रहांचा संबंध तुटतो आणि नेमक्या त्याच वेळी चालकाला सर्वाधिक लक्ष द्यावे लागत असते. उंच इमारतींच्या दाटीत लहरी भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि सिग्नलला थांबलेली गाडी नकाशावर इकडून तिकडे उड्या मारू लागते. केवळ उपग्रहांच्या भरवशावर पडदा चालू-बंद केला, तर बोगद्यात चित्रपट सुरू होईल आणि सिग्नलवर तो उगाच लपंडाव खेळत राहील.

म्हणून अखेर विश्वास टाकला जातो तो जमिनीला टेकलेल्या साक्षीदारावर, म्हणजे चाकावर. चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी किंवा चुंबकीय कडे असते आणि शेजारी सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक दाता समोरून गेला की विजेचे एक स्पंदन उमटते. चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेते. कड्याला ४८ दाते असतील तर सेकंदाला सुमारे ४२० स्पंदने मिळतात. ही व्यवस्था मनोरंजनासाठी जन्माला आलेली नाही. चाक घसरू नये म्हणून ब्रेकवर नियंत्रण ठेवणाऱ्या एबीएस यंत्रणेसाठी ती आहे आणि भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्याच वर्षी १ जुलैपासून ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे अखंड वाजणारी इशाऱ्याची घंटाही सक्तीची झाली. म्हणजे आज भारतात तयार होणारी साधीसुधी मोटारही स्वतःचा वेग जाणते आणि त्याबद्दल बोलतेही.

चाकाची ही साक्ष पडद्यापर्यंत पोचते ती कॅन बस नावाच्या जाळ्यातून. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या या पद्धतीत एकमेकींना पिळलेल्या दोन तारांवर गाडीतली सगळी यंत्रे बोलतात. तिथे कोणी कोणाला उद्देशून निरोप पाठवत नाही. गावात दवंडी पिटावी तसा ब्रेकचा संगणक चालू वेग पुन्हा पुन्हा जाहीर करत राहतो. ज्याला गरज असेल त्याने ऐकावे. मूळ रचनेत या दवंडीवर कोणाची सही नसते, हा तिचा दुबळेपणा. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकी संशोधकांनी एका जीपच्या मनोरंजन-यंत्रणेतून दुरूनच गाडीत शिरकाव केला आणि पुढे तिच्या नियंत्रणापर्यंत मजल मारली. कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. मनोरंजन-यंत्रणेला वेग ऐकू यावा, पण तिने ब्रेकला हुकूम सोडू नये, यासाठी दोहोंमध्ये पहारेकरी बसवणे किती गरजेचे आहे, याचा धडा त्या घटनेने दिला.

तरीही चाकाची साक्ष अंतिम सत्य नव्हे. चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक जागच्या जागी गरगरते. आणि मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो जहाजावर चढवलेल्या मोटारीची चाके पूर्ण स्थिर असतात, पण उपग्रहांच्या मते ती समुद्र कापत निघालेली असते. आर्यभटाची नाव इथे नव्या रूपात परत येते. खरे कोण? दोघेही. मात्र त्या मोटारीत बसून चित्रपट पाहिला, तर कोणाचेही काही बिघडत नाही. यावरून ध्यानात येते की सॉफ्टवेअरला पडलेला खरा प्रश्न भौतिकशास्त्रातला नाहीच. गाडी हलते आहे काय, याच्याशी त्याला दूरान्वयानेच कर्तव्य आहे. या क्षणी गाडी कोणाच्या तरी लक्षावर विसंबून आहे काय, हे त्याला जाणायचे आहे.

म्हणूनच गूगलच्या मोटारींसाठीच्या अँड्रॉइड प्रणालीत ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोनच अवस्था नाहीत. गाडी लावून ठेवलेली असणे ही एक अवस्था, धावत असणे ही दुसरी, आणि या दोहोंच्या मधली तिसरी : वेग शून्य आहे, पण गाडी लावलेली नाही. बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात दहा मिनिटे अडकलेली मोटार या तिसऱ्या अवस्थेत असते. तिचा वेग शून्य असला, तरी पुढची गाडी केव्हाही सरकू शकते. म्हणून ती लावून ठेवली आहे असे मानले जात नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीत गिअर ‘पी’वर आहे की नाही हे पाहून ही अवस्था ठरते. भारतात बहुसंख्येने असलेल्या हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांत ‘पी’ नसतो. तिथे हँडब्रेक ओढलेला आहे की नाही, यावर विसंबावे लागते. आणि कोणतीच साक्ष मिळाली नाही, वेगाचा निरोपच आला नाही, तर? त्या अज्ञात अवस्थेत प्रणाली सर्वांत कडक निर्बंध लागू करते. ठाऊक नसेल तेव्हा धोका गृहीत धरावा, हा त्या सगळ्या रचनेचा पाया आहे. मग व्हिडिओ थांबतो, कळफलक लपतो, लांबलचक मजकूर आखूड होतो, याद्या एका मर्यादेपुढे सरकत नाहीत.

हे निर्बंध कशाच्या आधारावर ठरतात, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पडद्यावरचे कोणतेही काम असे असावे की एका वेळी नजर दोन सेकंदांहून अधिक रस्त्यावरून हटू नये आणि पूर्ण कामासाठी सगळ्या नजरा मिळून बारा सेकंदांच्या आत आटोपाव्यात. दोन सेकंद ऐकायला फारच थोडे वाटतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ३३ मीटर अंतर कापते. ताशी ८० ने गेली तर ४४ मीटर. शाळेसमोरचा रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला पलीकडे पोचायला याहून जास्त वेळ लागतो. आणि चित्रपट तर दोन सेकंदांत सोडून देता यावा अशा बेताने कोणी बनवतच नाही.

वेग कळला, अवस्था कळली, तरी एक गोष्ट सॉफ्टवेअरला कळत नाही : पडद्याकडे पाहतो आहे तो चालक की प्रवासी. २०२१ च्या डिसेंबरात हा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला. टेस्लाच्या गाड्यांत धावत्या गाडीतही मधल्या पडद्यावर खेळ खेळता येत होते. ‘मी प्रवासी आहे’ असे बोटाने कबूल केले की काम भागत असे. सुरक्षा प्रशासनाने सुमारे ५ लाख ८० हजार गाड्यांबाबत चौकशी सुरू केल्यावर कंपनीने सॉफ्टवेअर बदलून धावत्या गाडीतले खेळ बंद केले. चौकशी झाली ती ज्या बटणावरून, ते बटण म्हणजे एक प्रकारची शपथ होती आणि ती खरी की खोटी हे पाहणारे तिथे कोणी नव्हते. मर्सिडीजने ईक्यूएस या मोटारीत निराळा मार्ग काढला : कॅमेरा चालकाच्या नजरेवर लक्ष ठेवतो आणि ती प्रवाशाच्या पडद्याकडे वळलेली दिसली की तिथला व्हिडिओ मंद होतो. उपाय चोख आहे, पण त्याची किंमतही उघड आहे. गाडीतला माणूस कुठे पाहतो, याची सतत नोंद घेणारा डोळा गाडीत बसवावा लागतो.

भारतातली गोष्ट मात्र कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याच्या आतच, एका बारीक वायरपाशी अडते. दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचा जनरल पॅटर्स रोड, बेंगळुरूचा जे. सी. रोड आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातली ॲक्सेसरीजची दुकाने. जुन्या गाडीत नवा ‘अँड्रॉइड स्टीरिओ’ बसवून घेणाऱ्यांची तिथे सदैव गर्दी असते. बाहेरून बसवलेल्या अशा अनेक संचांना कॅन बसची दवंडी ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी हँडब्रेककडे जाणारी एक वायर दिलेली असते. हँडब्रेक ओढला की ती वायर गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडली जाते, म्हणजे ‘अर्थ’ होते, आणि गाडी उभी आहे असे संच समजतो. दुकानात ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “दादा, चालू गाडीत पिक्चर दिसेल ना?” कारागिराचे उत्तरही ठरलेले : “दिसेल की साहेब. ब्रेकची वायर बॉडीला अर्थ करून देतो, काही टेन्शन नाही.” दोन मिनिटांचे काम. त्यानंतर ती गाडी द्रुतगती मार्गावर ताशी शंभराने धावत असली, तरी पडद्याच्या लेखी ती कायम उभीच असते.

न्यायालयात साक्षीदार फोडणे हा गुन्हा आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. गाडीतला साक्षीदार मात्र राजरोस फोडला जातो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ते वाटत नाही, याला कारण आहे. कारागिराच्या दृष्टीने ती ग्राहकाची सोय असते. ग्राहकाच्या मनात बहुधा मागे बसणारी मुले असतात. लांबच्या प्रवासात ती कंटाळू नयेत, भांडू नयेत, एवढीच त्याची इच्छा असते. पण डॅशबोर्डवरचा पडदा मुलांना दिसतो त्याहून जवळून चालकाला दिसतो. माणसाच्या नजरेच्या कडेला काही हलले की डोळे आपसूक तिकडे वळतात. त्यासाठी पाहण्याची इच्छाही असावी लागत नाही.

आणि ज्या गाडीत असा संचच नाही, तिथे फोन असतो. रिक्षा, टॅक्सी, सामान पोचवणारे टेम्पो, बस, सगळीकडे काचेपुढे फोन अडकवलेला दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून झालेल्या बदलानुसार, वाहन चालवताना फोनचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने करता येतो. फोनला त्वरणही कळते आणि उपग्रहांचा वेगही कळतो. तरीसुद्धा तो व्हिडिओ थांबवत नाही, कारण तो ज्याच्या हाती आहे तो चालक आहे की बसच्या मागच्या बाकावरचा प्रवासी, हे त्याला सांगणारे कोणी नाही. चाक, गिअर, हँडब्रेक यांपैकी एकही साक्षीदार त्याच्या ओळखीचा नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२ माणसे. यामागची कारणे अनेक आहेत : वेग, रस्त्यांची रचना, हेल्मेट आणि पट्ट्याकडे होणारे दुर्लक्ष, दमलेले चालक. विचलित नजर त्यांपैकी एक. तिच्यावरचा इलाज मात्र तुलनेने स्वस्त आहे आणि बऱ्याचशा गाड्यांत तो आधीच बसवलेला आहे.

नवा संच बसवून घेताना ‘ब्रेकची वायर’ तिच्या खऱ्या जागी जोडायला सांगावी. संचाच्या सेटिंग्जमध्ये गाडी चालवताना व्हिडिओ रोखण्याचा पर्याय असल्यास तो चालू ठेवावा. मुलांसाठी व्हिडिओ हवाच असेल, तर पडदा पुढच्या आसनाच्या पाठीवर लावावा, जिथे चालकाची नजर पोचत नाही. टॅक्सीत किंवा बसमध्ये चालकासमोर काही चालू दिसले, तर “दादा, तेवढे बंद करता का?” असे सौम्यपणे म्हणायला कसलाही कायदा आडवा येत नाही.

गाडी सुरू होताच पडदा काळा पडतो, तेव्हा पुष्कळांना तो यंत्राचा हट्ट वाटतो. पण कोण पाहते आहे हे यंत्राला दिसत नाही आणि पुढच्या ३३ मीटरांत कोण आहे हेही दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्या बाजूने निर्णय घेण्याची शिकवण त्याला दिलेली आहे. रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या माणसाच्या वतीने गाडीत कोणीतरी बोलावे, एवढीच त्या काळ्या पडद्यामागची व्यवस्था आहे. ती वायर तोडली, तर त्याच्या बाजूने बोलणारे गाडीत दुसरे कोणी नसते.